फेल गेलेले बोअर कोण मोजतं?

बांधावरचा

मागच्या महिन्यात आमचे तात्या गेले. थोरले चुलते. औसा तालुक्यातल्या आमच्या आणि आसपासच्या पाच-सात गावांत त्यांची ओळख एकच, पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठं लागेल ते दाखवणारा. जन्माचे पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेले. त्यामुळं पोरवयातच कुणीतरी तळहातावर नारळ आडवा ठेवला, तो उभा राहिला, आणि तिथून पुढं पन्नास वर्षं हेच. पैसे कधी घेतले नाहीत. नारळ, टावेल-टोपी, आणि पाणी लागलं तर पुरणाचं जेवण.

तेराव्याच्या पंगतीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, "तात्यानं दाखवलं आन् लागलं न्हाई, असं कवा झालंच न्हाई." मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. काही बोललो नाही. पण माझ्याकडं एक दोनशेपानी वही आहे. तीत तात्यांनी दाखवलेले चौतीस बोअर लिहिलेत. एकोणीसला पाणी लागलं, पंधरा फेल. आणि "कवा झालंच न्हाई" म्हणणाऱ्यांत त्या पंधरापैकी तिघांचे मालक जेवायला बसलेले होते.

ही वही कुठून आली ते सांगतो.

१९९८ ला अकरावीसाठी औशात खोली करून राहायचो. वर पत्रे, खाली फरशी, एप्रिलमध्ये दुपारी आत बसणं अशक्य. सार्वजनिक वाचनालयात पंखा होता म्हणून तिथं जायचो. वाचनाची गोडी वगैरे पुढची गोष्ट, आधी पंखा. पंख्याखालची जागा सापडली ती खालच्या फळीसमोर, जिथं मुखपृष्ठ फाटलेले विज्ञानाचे जुने अंक सुतळीनं बांधून ठेवले होते. त्यातल्या एकात बर्लिनच्या घोड्याची गोष्ट होती.

घोड्याचं नाव हान्स. मालक फॉन ओस्टन, गणिताचे निवृत्त मास्तर. "तीन आणि चार किती?" विचारलं की हान्स सात वेळा खूर आपटायचा. पैसे घेत नव्हते, लबाडी कुठं दिसत नव्हती. १९०४ मध्ये जाणत्यांची समिती बसली, तिलाही काही युक्ती सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या माणसानं एक साधी गोष्ट केली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असे प्रश्न त्यानं घोड्याला विचारायला लावले. घोडा नापास. विचारणारा दिसू नये असं केलं, तरी नापास. उत्तराचा आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, ताण सुटायचा, आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. १९०७ ला हे सगळं छापून आलं.

मला पहिल्यांदा आठवला तो आमच्या दारात येणारा नंदीबैल. "पाऊस पडंल का रं महादेवा?" आणि बैल मान हलवतो. पण नंदीबैलवाला दोरी ओढतो हे आम्हा पोरांना माहीत होतं, त्यात नवल नव्हतं. घोड्याच्या गोष्टीनं मला धरून ठेवलं ते वेगळ्याच कारणानं. तो मास्तर खोटारडा नव्हता. तो स्वतःच फसलेला होता.

तोवर माझ्याकडं दोनच खण होते. पाणाड्या एक तर खरा, नाही तर भोंदू. तात्या भोंदू नाहीत हे मला माझ्या हातासारखं माहीत होतं, म्हणजे ते खरे. झालं, विषय संपला. प्रामाणिक माणूस प्रामाणिकपणे चूक असू शकतो हा तिसरा खण मला त्या फाटक्या अंकानं दिला.

मग मी त्या सुतळीच्या गठ्ठ्यावर तुटूनच पडलो. त्यातच फॅरेडे सापडला. विजेचा फॅरेडे माहीत होता, टेबलाचा नव्हता. त्या काळी लंडनमध्ये लोक टेबलाभोवती बसून हात ठेवायचे आणि टेबल आपोआप फिरायचं, म्हणे आत्मे फिरवतात. १८५३ मध्ये फॅरेडेनं टेबलावर पुठ्ठ्यांची चळत ठेवली, मध्ये मऊ चिकट लेप. आत्म्यानं टेबल ओढलं असेल तर खालचे पुठ्ठे पुढं सरकलेले दिसायला हवेत, हातांनी ढकललं असेल तर वरचे. वरचेच सरकले होते. बसलेल्यांपैकी कुणीही मुद्दाम ढकलत नव्हतं. पुढं त्यानं हात ढकलतोय का हे दाखवणारा काटा त्यांच्या डोळ्यासमोर ठेवला, तर टेबल फिरायचंच बंद झालं.

नारळ. मला रात्रभर तात्यांच्या तळहातावरचा नारळच दिसत होता.

वही सुरू केली २००४ ला. २००३ चा दुष्काळ नुकताच झाला होता, गावात बोअरच्या गाड्यांची रांग लागून गेली होती. मी घरोघर जाऊन विचारायचो. जागा कुणी दाखवली, पाणी लागलं का. लागलेले बोअर लोक स्वतःहून सांगायचे, तारखेसकट. फेल गेलेले विचारून विचारून निघायचे, आणि प्रत्येकाला शेपूट असायचं. "गाडीवाल्यानं चार फूट सरकून मारला." "आवस होती." "आणखी पन्नास फूट गेलो असतो तर होतं पाणी." एकानं तर सांगितलं, "त्यो मोजू नको, त्या दिवशी तात्याला ताप होता."

दुसऱ्या बाजूला पाणाड्या न बोलावता पाडलेले बोअर लिहिले. शाळेचा, पंचायतीचा, जिथं गाडी उभी राहील तिथं पाडलेले. असे सतरा सापडले, नऊला पाणी, आठ फेल.

शेवटी तात्यांनाच वही दाखवली. वाटलं होतं, चिडतील. ते म्हणाले, "बांध डोळे." आमच्या माळाच्या रानात त्यांनी आधी उघड्या डोळ्यांनी जागा काढली, मी दगड ठेवला. मग आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी डोळ्यांवर बांधून त्यांना दोन गिरक्या देऊन परत चालवलं. नारळ उभा राहिला, दगडापासून बत्तीस पावलांवर. दुसऱ्यांदा, एकोणीस पावलं, उलट्या बाजूला. तिसऱ्यांदा ते दगडावरूनच चालत गेले, नारळ हलला नाही.

पट्टी सोडून बांधावर बसले. बराच वेळ नारळ हातात फिरवत होते. मग म्हणाले, "म्हंजे हात माझाच हलायलाय व्हय रं?"

त्यानंतरही लोक येत राहिले आणि तात्या जात राहिले. पण जाताना म्हणायचे, "दाखवतो बाबा, लागंलच असं न्हाई." लोकांना तो त्यांचा विनय वाटायचा.

गोदाकाठ

दादा, शेवटचं वाचून गलबलून आलं. तात्यांना नमस्कार.

माझा घोडा म्हणजे २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. मी परभणीत सातवीत. आजीबरोबर चार तास रांगेत उभी होते आणि माझ्या चमच्यातलं दूध खरंच गेलं! डोळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंनी वर्गात खडूच्या पेटीवर ओला दगड ठेवला, चमचा टेकवला, दगडही प्यायला. मग दुधात कुंकू टाकलं, आणि दगडावरून खाली उतरणारा लाल पातळ ओघळ आम्हाला दिसला. पृष्ठताण हा शब्द पुस्तकात होता, पण तो असा दगडावरून घरंगळतो हे कुठं माहीत होतं? दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच दाखवलं होतं हे नंतर वाचलं. बाईंनी ते कुठं वाचलं होतं की त्यांचं त्यांना सुचलं, विचारायचं राहून गेलं.

टवाळ_पोरगं

आमच्या गावात पाणाड्या फेल गेला की गाडीवाला खूश, आणि पाणाड्या पास झाला तरी गाडीवाला खूश. नारळ गाडीवाल्याच्या हातात द्या.

भूजलवाला

तीस वर्षं या कामात घालवून निवृत्त झालोय, म्हणून थोडं लांबेल.

बांधावरचे, तुमची वही मला आवडली, पण तिच्यात एक रकाना कमी आहे. खोली. किती फुटावर पाणी लागलं, आणि कुठं थांबले. पूर्वीचा दीडशे फुटांचा बोअर आणि आताचा सातशे फुटांचा बोअर एका ओळीत मोजता येत नाही. साठ मीटरपेक्षा खोल जाऊ नये असं २००९ चा भूजल कायदा म्हणतो. किती जण पाळतात ते गाडीवाल्यांना विचारा.

आता पाणाड्या इतक्यांदा बरोबर का येतो? आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, लाव्ह्याच्या थरांवर थर. राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग असाच. अखंड पाषाणात पाणी मुरतच नाही. ते असतं वरच्या मुरमात, कुजक्या खडकात, भेगांत, आणि थराच्या माथ्यावरच्या सच्छिद्र भागात, ज्याला आपल्याकडं मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरूसारखा पट्टा लागतो, गाडीवाले तो बघून लगेच ओळखतात. लोकांच्या मनात जमिनीतलं पाणी म्हणजे हाताच्या शिरेसारखी नाडी, बरोबर तिच्यावर भोक पाडलं तरच लागणार. वरच्या थरात तसं नसतं. तिथं पाणी पसरलेलं असतं, चांगला पाऊस झाल्यावर नारळवाला दहा पावलं इकडं असो की तिकडं, लागतंच. खोल गेलं की मात्र भेगांचा खेळ. तिथं आमची यंत्रंसुद्धा चुकतात. विद्युत रोधकतेची चाचणी, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचा खडक अजमावणं, ती घेऊन मी दाखवलेले बोअर कोरडे गेलेत, आणि शेतकऱ्याची बायको पदर डोळ्याला लावून उभी असताना तिथून पाय निघत नाही.

फरक एवढाच की माझे फेल गेलेले कार्यालयाच्या नोंदीत लिहिलेले असायचे.

बांधावरचा

साहेब, खोलीचा रकाना. वीस वर्षांत मला हे सुचलं नाही. आता अर्धी माणसं गेलीत, विचारू कुणाला?

काळी_माती

मी निलंग्याकडचा शेतकरी. पुस्तकं वाचून शहाणं होणं सोपं आहे. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हा आमच्या बोअरला दीड इंच चालू होतं. जागा दाखवली होती एका म्हाताऱ्या बाबानं, कडुलिंबाच्या दुबेळक्यानं, म्हणजे दोन फाटे असलेल्या काठीनं. अख्ख्या शिवाराला त्यावर पाणी पाजलं. घोडा कुठला तर बर्लिनचा, टेबल लंडनचं. त्यांना आमची जमीन काय ठाऊक?

बांधावरचा

काळी_माती भाऊ, तुमच्या बोअरनं शिवार जगवलं, त्याला माझा हात जोडून नमस्कार. त्यावर शंका नाही. मला फक्त हे विचारायचंय, त्या बाबांनी त्या वर्षी आणखी किती जागा दाखवल्या आणि त्यांचं काय झालं? तुमच्या गावात तुम्ही विचारलंत तर लोक खरं सांगतील, मी परका पडतो.

जमिनीचं म्हणाल तर जर्मनीतही काठीवाले आहेत, आपल्यापेक्षा जुने. १५५६ मध्ये आग्रिकोलानं खाणींवर ग्रंथ लिहिला, त्यात काठीवाल्यांचं वर्णन आहे, आणि जाणत्या खाणकऱ्याला काठीची गरज नसते असंही त्यानं लिहून ठेवलंय. १९९० च्या सुमारास कासेल गावात तीसेक काठीवाल्यांची परीक्षा झाली. जमिनीखाली नळ पुरला, पाणी चालू-बंद करायची सोय केली, आणि आता पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. परीक्षा योग्य आहे हे सगळ्यांनी आधी कबूल केलं, जिंकणारच याची खात्रीही होती. नाणं उडवल्यावर येईल तेवढंच उत्तर आलं.

संख्याबाई_नांदेड

संख्याशास्त्र शिकवते, म्हणून नाण्यावरून बोलते. काठीवाल्यांसारखीच परीक्षा आपल्याकडं ज्योतिषाची झालीय. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, १०० हुशार, १०० मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका, मूल कोणत्या गटातलं ते सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर.

वर्गात हे सांगितलं की मुलं म्हणतात, "मॅडम, ४६ टक्के म्हणजे पास की!" तिथं माझा खरा तास सुरू होतो. डोळे मिटून उत्तर दिलं असतं तर किती आलं असतं? पन्नास. बांधावरच्यांच्या वहीतले सतरा बिनपाणाड्याचे बोअर म्हणजे हेच, ते नसते तर एकोणीस या आकड्याला अर्थच नव्हता. अर्थात चौतीस आणि सतरा हे आकडे लहान आहेत. एवढ्यावर छातीठोक काही बोलू नका, मी तरी बोलू देणार नाही.

सिस्टर_आंबेजोगाई

इथं बहुतेक सगळे वाचून शंका घ्यायला शिकले. मी उलट्या बाजूनं आले, आधी बघितलं आणि मग वाचलं.

ग्रामीण भागात नर्स आहे. पावसाळ्यात साप चावलेले येतात, आधी देवळात झोपवून, लिंबाचा पाला खाऊ घालून मग. आणि घरचे शपथेवर सांगतात की मांत्रिकानं आजवर शंभर वाचवले. खोटं नसतं हो ते. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडं गेलेल्यांत बरेच जण कशानंही वाचणारच होते. राहिला तो नाग, मण्यार, घोणस किंवा फुरशानं खरंच विष भरलेला पेशंट, त्याला सलाइनमधून प्रतिविष लागतं आणि तेही वेळेत. तो दगावला तर घरचे म्हणतात, दवाखान्यात नेला आणि गेला. मांत्रिकाच्या खात्यावर मरण कधी पडतच नाही, शेवटच्या तासाला पेशंट आमच्याकडं असतो.

हे मी दहा वर्षं बघत होते पण मला ते मांडता येत नव्हतं. दाभोलकरांचं लिखाण हातात पडलं ते २०१३ च्या ऑगस्टनंतर, पुण्यात त्यांना गोळ्या घातल्यावर. हा माणूस असं काय लिहितो ते बघू म्हणून वाचलं. अर्ध्याहून जास्त वेळ तर ते देवाला हातच लावत नाहीत, फक्त तपासा म्हणतात.

एक कबुली द्यायचीय. वाचायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी घरात फार वाईट वागले. सासूबाईंच्या दर गुरुवारच्या उपासावर टोमणे, जाऊबाईंच्या ताईतावर टोमणे. त्या दोघी मला काही सांगेनाशा झाल्या. पुतण्याला रात्री मण्यार चावली तेव्हा मला सगळ्यांत शेवटी कळवलं, मी दोन गल्ल्या पलीकडं असताना. पोरगं वाचलं. पण मला का नाही उठवलं विचारलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही हसला असता." तात्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याआधी तुम्ही त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं रानात हिंडला असाल ना, दादा?

बांधावरचा

हो ताई. नारळाची पिशवी मीच धरायचो.

जुनी_पोथी

पाणाड्यांची सगळी विद्या एका नारळावर संपवू नका. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल म्हणून अख्खा अध्याय आहे, सहाव्या शतकातला. कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूला, वारूळ असेल तर किती हातांवर, किती पुरुष (म्हणजे माणसाच्या उंचीचं माप) खोल पाणी, असं सगळं दिलंय. ते काय अंधश्रद्धा?

भूजलवाला

मुळीच नाही, आणि मला तो अध्याय फार आवडतो. झाड, वारूळ, अंतर, दिशा, खोली असं मोजून सांगितलं की जाऊन खणता येतं आणि खोटंही पाडता येतं. त्यातल्या कितीतरी खुणा चूक निघतील, काही बरोबर. ओढ्याकाठचा हिरवागार उंबर पाणी जवळ असल्याचं सांगतोच. तात्यांसारख्या मुरलेल्या माणसाचे पाय त्या खुणांकडं आपोआप वळत असणार, नारळ नंतर उभा राहत असणार. म्हणूनच डोळे बांधल्यावर फरक पडला. बांधावरचे, माळावर ना झाड ना ओढा, तिथं परीक्षा घेतलीत. ओढ्याकाठी घेतली असती तर उघड्या डोळ्यांनी ते कदाचित तुमच्या सतरांपेक्षा पुढं गेले असते.

बांधावरचा

हे मात्र कधी मनातच आलं नव्हतं. म्हणजे तात्यांना पाणी कळत असेलही, नारळाला कळत नसेल!

भोकरदनचा_बाळ्या

मोठ्या लोकांत मधीच बोलायलोय, माफी. बारावीला आहे. परवा आमच्यात बोअरची गाडी येणारे. आप्पांनी पाणाड्या सांगितलाय. मी हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला, तर म्हणाले "तू तुझा घोडा बांधून ठेव." काय करू?

भूजलवाला

बाळा, आप्पांशी भांडू नकोस, पैसा त्यांचा आणि जीवही त्यांचाच टांगणीला. शेजारच्या विहिरी-बोअर किती फुटांवर लागलेत तेवढं विचारून ठेव, आणि कुठं थांबायचं ते आधी ठरवा. गाडी सुरू झाल्यावर "आणखी पन्नास" म्हणत घर बुडतं. दर दहा फुटाला निघालेला चुरा ओळीनं ठेव, रंग बदलला की लिही.

भोकरदनचा_बाळ्या

गाडी काल येऊन गेली. पाणाड्यानं दोन जागा काढल्या. पहिल्या जागी गाडी वळंना, चिखल होता, म्हणून दुसरीला लावली. पाणी लागलं, सव्वा इंच! आप्पांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "लिवलं का वहीत?" मी लिहिलं. पाणाड्यानं दाखवला, लागला. आता आप्पा गावभर सांगायलेत.

बांधावरचा

अभिनंदन रे बाळ्या, आप्पांनाही सांग. चिखलामुळं पहिली जागा सुटली हेही लिहिलंस ना? आणि किती फुटाला लागलं?

भोकरदनचा_बाळ्या

चिखलाचं लिहितो आता. १८५ ला, लाल चुरा संपल्यावर.